गालातला घास

प्रश्न : ताई, माझा मुलगा नुकताच सहा वर्षांचा झाला. जूनपासून पहिलीत जातोय. शाळा सात वीसची, व्हॅन सहा पन्नासला सोसायटीच्या फाटकाशी येते. मी पाचला उठते, त्याला पावणेसहाला उठवते. दात घासून झाले की चॉकलेट पावडर घातलेलं ग्लासभर दूध देते, ते तो निमूट पितो. मग आंघोळ, गणवेश, आणि सहा दहाला खायला बसवते. बहुतेक वेळा पोहे, नाहीतर उपमा. साडेसहा झाले तरी अर्ध्याहून जास्त ताटली तशीच. एकेक शेंगदाणा वेचून काठाला लावत बसतो, पंख्याकडे बघतो, पालीला घाम येतो का असं मला विचारतो. मी भरवायला घेतलं की घास गालात धरून ठेवतो. ओरडले की डोळ्यांत पाणी. मागच्या आठवड्यात शेवटचे चार घास कोंबले आणि त्याला व्हॅनमध्ये उलटी झाली. व्हॅनवाले काका मला सगळ्यांसमोर बोलले. सासूबाई म्हणतात, पोराला उपाशीपोटी घराबाहेर काढायचं नाही. वजन १८ किलो आहे, डॉक्टर म्हणतात ठीक आहे. शाळेत साडेनऊला मधली सुट्टी असते, तो डबा मात्र रोज रिकामा येतो. रात्री यांना यायला नऊ होतात. त्यांच्याबरोबरच जेवायचा त्याचा हट्ट, त्यामुळे झोपायला साडेदहा. हे सकाळी सहा पस्तीसला डबा घेऊन निघतात. मला सव्वाआठची लोकल. फार दमायला होतं. याला पटापट खायला कसं शिकवू?
— एक आई, कल्याण

उत्तर : तुला अगं-तुगं करते, माझी लेक तुझ्याहून मोठी आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, कारण पालीच्या घामाचा प्रश्न मला एकतीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले आणि तीन ठिकाणी रेघ मारली. दुधाचा ग्लास, रिकामा डबा, साडेदहा. तिन्ही गोष्टी तू जाता जाता लिहून टाकल्या आहेस.

पण आधी त्या गालाबद्दल बोलू, कारण तो माझ्या ओळखीचा आहे. मी डोंबिवलीतल्या एका बालवाडीत होते. प्रार्थना सुरू झाली की इतर बाई मुलांचे हात नीट जोडलेत का ते बघायच्या, मी गाल बघायचे. डोळे मिटलेले, ओठही मिटलेले आणि एका बाजूचा गाल फुगलेला, असं एक तरी मूल रांगेत असायचंच. त्याला हळूच मोरीशी न्यायचं, तोंडाखाली हात धरायचा आणि म्हणायचं, ‘टाक बाळा.’ हातावर पडायचा तो पोळीचा चोथा, पांढराफटक, घरून निघताना कोंबलेला. गिळवत नाही, थुंकला तर आई रागावेल. मग पोरानं काय करायचं? घास सांभाळून शाळेत आणायचा. रिक्षात, फाटकात, रांगेत, तोंड मिटून.

आणि हे मी दुसऱ्यांच्या मुलांचं करत होते त्याच वर्षी माझ्या लेकीच्या बाईंची मला चिठ्ठी आली. ‘घरून निघताना पाल्याचे तोंड रिकामे असल्याची खात्री करावी.’ बालवाडीच्या बाईला! आमच्या यजमानांनी ती चिठ्ठी वाचली, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला न सांगता ते चिंचोके घेऊन बसले. मी ‘आटप’, ‘लवकर’, ‘गिळ’ यातलं काही म्हटलं की एक चिंचोका वाटीत. लेक रिक्षात बसली तेव्हा वाटीत सत्तावीस चिंचोके होते. मला विचारलं असतं तर मी शपथेवर चार-पाच सांगितले असते.

आता तुझ्या रेघा.

दूध. पावणेसहाला उठलेलं पोर, डोळे अजून चिकटलेले, आणि पोटात अडीचशे मिलिलिटर गोड दूध. त्यानंतर अर्ध्या तासाने तू त्याच्यापुढे पोह्यांची ताटली ठेवतेस. तो हळू खात नाही गं, त्याचं खाऊन झालेलं आहे. दूध वाईट नाही, पण या वयाला दिवसाला दोन कप, म्हणजे चारशे ते पाचशे मिलिलिटर, पुष्कळ झालं. ते भूक मारतं, आणि त्यातलं कॅल्शियम बरोबरच्या खाण्यातलं लोहही नीट अंगी लागू देत नाही. सकाळचा ग्लास उद्यापासून बंद कर. शाळेतून आला, खेळला, की चार वाजता दे. निमूट पिणारं मूल आहे, तेव्हाही पिईल.

रिकामा डबा. ही तर तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी, आणि तू ती ‘मात्र’ घालून लिहिली आहेस. वर्गातल्या त्या गोंगाटात, शेजारी चार मित्र, समोर भरवायला कोणी नाही, आणि हा मुलगा थोडक्या सुट्टीत अख्खा डबा संपवून हात धुतो. मित्राला वाटून टाकत नाही ना, एवढं बाईंना एकदा विचार. नसेल, तर त्याला पटापट खायला शिकवायचं काही उरलेलंच नाही. त्याची भूक साडेनऊला उघडते. तू ती सव्वासहाला उघडायला बघतेस, आणि उघडत नाही म्हणून दार ठोठावतेस.

तेव्हा खाणं वाटून टाक. घरी थोडं, डब्यात भरपूर. घरी म्हणजे अगदी अर्धी वाटी.

त्या अर्ध्या वाटीत पोहे मात्र नकोत. पोह्यांवर माझा राग नाही, रविवारी मीही करते. पण घाईच्या सकाळी लहान मुलापुढे ठेवायला त्याहून अवघड पदार्थ नाही. कढईतून काढले तेव्हा मऊ. ताटलीत पसरले की वाफ निघून जाते, मग वरचे वरचे पोहे सुकायला लागतात, हळदीचा रंग फिका पडतो. तू सहा दहाला वाढतेस आणि भरवायला बसतेस साडेसहाला. म्हणजे त्याच्या तोंडात जातात ते तू केलेले पोहेच नव्हेत. एकदा तू स्वतः वीस मिनिटं गार झालेले पोहे चहाशिवाय खाऊन बघ. तोंडात नुसते घोळतात, घास बांधला जात नाही. आपण मोठी माणसं वर चहाचा घोट घेऊन उतरवतो, पोराला कोण घोट देतो?

शिवाय शेंगदाणे. ते काठाला लावून ठेवतो हा चाळा असेलही, पण आज संध्याकाळी त्याला खिडकीशी नेऊन आ करायला लाव. सहाव्या वर्षी तोंडात बांधकाम चालू असतं. खालचे पुढचे दोन दात हलू लागतात ते सगळ्यांना कळतं, कारण पोर ते दिवसभर जिभेने ढकलत असतं. पण सगळ्यात मागच्या दुधाच्या दाढेच्याही मागे पहिली कायमची दाढ हिरडी फोडून वर येत असते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता नसतो. तिथली हिरडी हुळहुळी होते आणि दाणा नेमका तिथेच टोचतो. तोवर दाण्याचं कूट घाल. आणि भरल्या तोंडाने त्याला रडवू नकोस, जिन्यावरून पळवू नकोस. दाणा श्वासनलिकेत जायला एक हुंदका पुरतो.

काय द्यायचं? जे ओलं, मऊ आणि कोमट असेल ते. गुरगुट्या भात, वर मेतकूट आणि तूप. रात्री तांदूळ धुऊन कुकरमध्ये तयार ठेव, सकाळी शिट्ट्या तुझ्या डब्याच्या भाजीबरोबर होतील. रात्रीच्या पोळीचा लाडू : पोळी हाताने बारीक कुस्करायची, मिक्सरला लावायची नाही, भुगा होतो. चमचाभर तूप पातळ करायचं, चिरलेला गूळ त्यात विरघळला की लगेच उतरवायचं, जास्त वेळ ठेवलास तर पाक होऊन लाडू दगड होतो. लिंबाएवढा एकच वळायचा. लेकीला मी हा तीन वर्षं दिला, आता ती तिच्या लेकीला देते आणि त्याला काहीतरी इंग्रजी नाव आहे. नाचणीची पेज आवडत असेल तर उत्तम, ती पिता येते. उपमा करायचाच तर सैल कर, चमच्यातून ओघळेल असा, आमच्या घरी त्याला उपीट म्हणतात. अर्धं केळं हेही खाणं आहे, बरं का. सासूबाईंना सांग, लाडू खाऊन निघालेलं पोर उपाशी नसतं, आणि डब्यात आता दोन घावन जास्तीचे आहेत. त्यांनाच करायला सांगितलेस तर अजून बरं, घावनाची जाळी सासूच्या हाताला जास्त चांगली पडते.

आता साडेदहा. मी बोटांवर मोजलं. साडेदहा ते पावणेसहा, सव्वासात तास. सहा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. कमीत कमी नऊ धरले तरी रोजची पावणेदोन तासांची उधारी, आणि शाळेच्या पाच दिवसांत जवळजवळ एक अख्खी रात्र. पंख्याकडे बघत बसतो म्हणतेस ना, तो बघत नाही, उघड्या डोळ्यांनी झोपलेला आहे.

यात सगळा दोष घरांचा नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या झोपेचा विषय जाहीर कार्यक्रमात काढला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने परिपत्रक काढलं, की पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत. दोन पाळ्यांत भरणाऱ्या कितीतरी शाळांना जागा आणि बसगाड्यांचं गणित जमलेलं नाही. तुझ्या मुलाची शाळा सात वीसला भरते, म्हणजे तिलाही नसावं. पालक-शिक्षक संघाच्या सभेत विचार, एकटी नको, चार जणी मिळून विचारा. पण सभा जेव्हा व्हायची तेव्हा होईल, व्हॅन उद्या सहा पन्नासला येणार आहे.

म्हणून रात्रीचं बघू. तुझ्या यजमानांना पत्रात दोन वाक्यं मिळाली आहेत. एकात ते येतात, एकात डबा घेऊन जातात. तुझ्या लेकाचा दिवसही असाच चालला असणार. त्यामुळे नऊ वाजता जेवायचा जो हट्ट आहे तो जेवणाचा नाही, बाबांचा आहे. नुसतं ‘आठला झोप’ म्हणून तो हट्ट काढून घेतलास तर पोर रात्री रडेल आणि सकाळी दुप्पट रेंगाळेल. बाबा त्याला दुसरीकडे कुठेतरी द्यावे लागतील.

आणि बघ, तुझ्याच आकड्यांत जागा आहे. बाबा निघतात सहा पस्तीसला, मुलगा सहा पन्नासला. दोघंही त्या वेळी घरात, दोघांनाही काहीतरी खायचंच आहे. तर रात्रीचं एकत्र जेवण सकाळी आण. मुलगा संध्याकाळी साडेसातला तुझ्याबरोबर किंवा आजीबरोबर जेवेल आणि पावणेनऊला दिवा बंद. सकाळी सहा वीस ते सहा तीस बाप-लेक शेजारी शेजारी बसतील, दोघांपुढे तेच खाणं, बाबांचा मोबाइल दुसऱ्या खोलीत. पालीच्या घामाचं उत्तर बाबांनी द्यायचं. (घामाच्या ग्रंथी पालीला नसतात, त्यांना आधीच सांगून ठेव, नाहीतर ते खाता खाता मोबाइल शोधायला उठतील.) त्या दहा मिनिटांत तू खोलीत यायचं नाहीस. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहा प्यायचा, बसून. तू तो उभ्याने पितेस हे तू लिहिलेलं नाहीस, पण मला माहीत आहे.

यजमान म्हणतील, दहा मिनिटं कुठून आणू. पाच मिनिटं लवकर उठा म्हणावं, आणि पाच मिनिटं आरशासमोरची. शनिवारी रात्री मात्र तिघं हवं तितकं उशिरा जेवा.

पावणेनऊची झोप पहिल्या रात्री येणार नाही. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे ओढत आण. दोन-तीन आठवडे लागतील.

घड्याळाचं एक. त्याला मिनिटं कळत नाहीत, ‘दहा मिनिटं राहिली’ याला त्याच्या लेखी काही अर्थ नाही. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवर, सहाच्या आकड्यावर, तुझी एक लाल टिकली लाव. मोठा काटा टिकलीवर आला की वाटी उचलायची. दोन घास राहिले असले तरी उचलायची, काही न बोलता, चेहरासुद्धा न बदलता. हे सगळ्यात कठीण आहे आणि ते त्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी कठीण आहे. चिंचोके हवे असतील तर मी पाठवते.

एवढं करूनही महिनाभरात फरक नसेल, किंवा वजन थांबलं, खाताना ठसका लागू लागला, तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल आणि रात्री घोरत असेल, शौचाला तीन-तीन दिवस होत नसेल, तर पुन्हा बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि यातलं जे असेल ते नाव घेऊन सांग. ‘खात नाही हो’ एवढंच सांगितलं की डॉक्टर वजन करतात आणि ठीक आहे म्हणतात. टॉन्सिल किंवा नाकामागच्या गाठी (ॲडिनॉइड) वाढलेल्या मुलाला नाकाने श्वास पुरत नाही, त्याला घास थांबवून श्वास घ्यावा लागतो, आणि घरात त्याला रेंगाळणं म्हणतात.

व्हॅनवाल्या काकांना दिवाळीला चकल्या दे. बोलले ते चुकलंच, पण सीट त्यांनी धुतली आहे.

प्रश्न : माझी नात साडेतीन वर्षांची. दहाच्या बालवाडीआधी मी तिला गॅलरीत बसवून भरवतो. एक घास चिऊचा, एक घास काऊचा, प्रत्येक घासाला गोष्ट पुढे सरकते. तासभर लागतो, पण वाटी संपते. सूनबाई म्हणतात, बाबा, तिच्या हाताने खाऊ दे. तिच्या हाताने चार घास जातात आणि बाकी फ्रॉकवर. मी निवृत्त आहे, मला वेळ आहे. माझं काय चुकतं?
— एक आजोबा, मिरज

उत्तर : आजोबा, गोष्ट चुकत नाही, तिची जागा चुकते. घासागणिक गोष्ट सरकली की नात गोष्टीसाठी तोंड उघडते, आणि पोट भरलं की नाही हे तिचं तिला कळेनासं होतं. तुम्ही वाटी संपवता, ती नाही. चार घास तिने खाल्ले म्हणता, ते तिचे पहिले चार घास आहेत, मला ते पुष्कळ वाटतात.

असं करा. वाटी अर्धी भरा, कडा उभी असलेली घ्या म्हणजे घास कडेला लोटून हातात येतो. वरण-भात घट्टसर कालवा, पातळ असेल तर बोटांतून गळतो आणि तुम्हाला वाटतं हिला येत नाही. पहिला अर्धा वेळ तिचा, तुम्ही शेजारी तुमच्या ताटलीत तेच खायचं. उरलं आणि तिने मागितलं तर मग भरवा, चार-पाच घास, लाड म्हणून. अर्ध्या तासाने उठायचं. फ्रॉकऐवजी तुमचा जुना सदरा उलटा घाला, बटणं पाठीवर.

काऊचा घास मात्र खराच काढा. तिने तिच्या हाताने गॅलरीच्या कठड्यावर ठेवायचा. मिरजेत कावळे अजून वेळेवर येतात असं माझी बहीण सांगते. आणि गोष्ट हात धुतल्यावर, बालवाडीच्या वाटेवर, पूर्ण सांगा. घासांच्या हिशेबाने तोडलेल्या गोष्टीत कोल्हा विहिरीजवळ किती वेळ उभा राहतो हे तुम्हालाही माहीत असेल.